मागचं डावं दार

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या अलीकडे वळण घेताना गाडीचं मागचं डावं दार आपोआप उघडलं, आणि मी गाडी थांबवून बाबांच्या उतरण्याची वाट बघत बसले. अगदी नेहमीसारखी. हात स्टेअरिंगवर, नजर समोर, मनात भाजीचा हिशेब. बाबांना उतरायला वेळ लागायचा. आधी डावा पाय, मग चौकटीला धरलेला हात, मग एक लांबलचक ‘हं’, आणि मग उरलेले बाबा. मी त्या ‘हं’साठी थांबले होते. मागच्या ऑटोवाल्याने हॉर्न दाबून धरला. एक मोटारसायकलवाला काचेजवळ येऊन ‘ओ मॅडम, दरवाजा खुल्ला हाय’ म्हणून ओरडला. तेव्हा कुठे मला आठवलं, की बाबा धान कापणीच्या दिवसांत गेले आणि आता ऊन तापायला लागलंय. मला भीती वाटली नाही. आधी राग आला. मेलेल्या माणसाने निदान सांगून तरी उतरावं.

खाली उतरून दार लोटलं, तर ते चौकटीवर आपटून परत आलं. जोरात लोटलं, तर जोरात परत आलं. भर रस्त्यात माझा आणि दाराचा हा खेळ थोडा वेळ चालला, लोकांची फुकट करमणूक झाली. शेवटी ओढणी काढली, दाराच्या आतल्या मुठीतून ओवली, दुसरं टोक पुढच्या सीटला आवळून बांधलं आणि हळूहळू ऊर्जानगरकडे, वीज केंद्राच्या वसाहतीकडे, निघाले. कोळशाचे ट्रक शेजारून गेले की दार ओढणीशी भांडायचं. आरशात बघायचं मी टाळत होते. ताणलेली ओढणी दिसली की मागे बसून कुणीतरी दार ओढून धरलंय असं वाटायचं, आणि तिथे बसून दार ओढून धरणारं माणूस आमच्या घरात एकच होतं. गाडीत बसल्याबरोबर बाबा आतलं हँडल ओढून बघायचे. खट, खट. मग मान टेकवायचे आणि ‘चाल’ म्हणायचे. शेवटच्या वर्षातली ही त्यांची नवी खोड. मी चिडवायचे, ‘बाबा, आत्ता त बसले, लगेच उतरून राह्यले का?’ ते खिडकीबाहेर बघत हसायचे.

क्वार्टरच्या पायरीवर आई गावचे तांदूळ निवडत बसली होती. तिने ओढणी पाहिली.

“काय झालं वं दाराले?”

“लागून नाई राह्यलं. गेटपाशी आपोआप उघडलं.”

“कोन्तं?”

कोणतं ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. तरी तिने विचारलं, आणि मलाही ते तोंडाने सांगावं लागलं. “मागचं डावं.”

आईने सुपातला एक खडा उचलला, बघितला, आणि बाहेर टाकायच्या ऐवजी परत सुपातच टाकला. “मंग देऊन टाक ते गाडी कोनाले बी,” ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. बाबा गेल्यापासून ती या गाडीत बसलेली नाही. चंद्रपूरला जायचं तर ऑटो, गावाकडे सावलीला जायचं तर एसटी. गाडीत बस म्हटलं की तिचं डोकं दुखायला लागतं. आठवडाभरावर गावी जायचं होतं, मावशीच्या मुलीचं लग्न. त्यासाठीही ती एसटीच्या वेळा विचारत होती आणि माझ्याशी मात्र त्यावर एक अक्षर बोलत नव्हती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी अंगणातल्या कडुनिंबाच्या सावलीत गाडी लावली, पेचकस, पक्कड आणि टॉर्च घेऊन मागच्या सीटवर बसले. बाबांच्या जागेवर. गॅरेजमध्ये का नाही नेली, असं शेजारच्या रुखमाबाईने कुंपणावरून विचारलं. मी म्हटलं, सहज, हौस. खरं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं. गॅरेजवाल्याने लॅच बदललं असतं, जुनं भंगारात टाकलं असतं आणि ‘झालं मॅडम’ म्हणाला असता. मला दार लागायला हवं होतं, ते दुय्यम. मला हे जाणून घ्यायचं होतं, की हे दार कधीपासून बिघडलेलं आहे. त्या दिवशी ते बिघडलेलं होतं का. माझे बाबा शेवटी ज्या हँडलला धरून होते, ते हँडल तेव्हा जिवंत होतं की मेलेलं.

तो दिवस मला तुकड्यातुकड्यांतच आठवतो. सलग आठवायला बसलं की मधेच रस्ता संपतो. गावात सकाळी बाबांना दम लागला. कोळशाच्या धुळीत आयुष्य काढलेल्या माणसाचा दम, तो यायचा आणि जायचा, आम्हाला त्याची सवय होती. त्या दिवशी तो जाईना. सावलीच्या डॉक्टरने हात टेकले, चंद्रपूरला न्या म्हणाला. मूल गाव मागे पडलं आणि जंगल लागलं. दोन्ही बाजूंना साग, आणि वाघाचे फलक, की गाडीतून उतरू नये. मी त्या रस्त्यावर इतक्या वेगाने कधी गेले नव्हते. आणि त्या जंगलातच मागून आवाज आला. खट, खट. बाबा हँडल ओढत होते. आईचा आवाज आला, काय बोलली ते कळलं नाही, गाडीचा घरघराट होता. मग पुन्हा नुसती श्वासांची ओढाताण, मग तीही कमी कमी. मी थांबले नाही. थांबून काय करणार होते, त्या रस्त्यावर दवाखाना नव्हता. शहर लागलं तेव्हा आई मागून म्हणाली, “आता हळू चालव.” एवढंच. मला कळलं, आणि मी खरंच गाडी हळू केली.

तेव्हापासून ती खटखट माझ्या मागे लागली आहे. मी वीज केंद्रातच इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. आमच्याकडे कपाटंच्या कपाटं रिलेंची, आपोआप चालू-बंद होणाऱ्या खटक्यांची, दिवसभर कुठला तरी रिले खट करून बसतो नाहीतर उठतो. इतकी वर्षं कधी ऐकू आला नाही. आता प्रत्येक ऐकू येतो, आणि प्रत्येक वेळी मी मागे वळते. बरोबरचे लोक हसतात, म्हणतात रोशनी मॅडमला कुणी हाक मारली. एखाद्या माणसाला श्वास पुरत नाही, तो दार उघडायला बघतो, दार उघडत नाही. त्याने पुढे काय विचार केला असेल? मुलगी समोर बसली आहे, बायको शेजारी बसली आहे, आणि दोघींनी मिळून आपल्याला डब्यात बंद केलं आहे? मी याच्या पुढे विचार करू शकत नाही. तरी रोज करते.

तर दार. आधी बाहेरून बघितलं. दाराच्या कडेला लोखंडी आकडा असतो, तो चौकटीवरच्या कडीला पकडतो. पेचकसाने तो आकडा हाताने फिरवून पाहिला. चांगल्या दाराचा आकडा दोनदा टकटक करून बसतो. पहिल्यांदा अर्धा, दुसऱ्यांदा पुरता. हा अर्ध्यावरच थांबत होता, आणि अर्ध्यावर लागलेलं दार वळणावर उघडणारच. आकड्याला अडवून धरणारी एक छोटी जीभ असते, ती खाली पडत नव्हती. तिच्याखाली काहीतरी होतं. बाहेरचं हँडल ओढलं, आकडा सुटला. ठीक. आतलं हँडल ओढलं, खट झालं, काहीही सुटलं नाही. नुसतं प्लास्टिक आपल्याच जागेत हलत होतं, पलीकडे वजन नव्हतं. मी ते पुन्हा ओढलं. खट. हाच तो आवाज. इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकला.  म्हणजे मेलेलंच होतं. शेवटच्या दिवसांत आईच आधी उतरून बाहेरून दार उघडून द्यायची, म्हणून ते कधी लक्षात आलं नव्हतं.

पण मेलं कधी, ते अजून कळायचं होतं. लहान मुलांसाठीचं कुलूप असतं, दाराच्या कडेला बारीक खटका, तो खाली केला की आतून दार उघडत नाही. तो वरच होता. तो वर असणारच, कारण मीच केला होता. मागच्या वर्षी दोनदा तो मला खाली केलेला सापडला. गाडी धुणाऱ्याचं काम म्हणून मी त्याला बडबडले, तो बिचारा शपथा घेत होता. बाबा पायरीवर बसून ऐकत होते. त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्यांदा तर मी त्यांनाच म्हटलं, पाहा बाबा, तुम्ही आतच अडकले असते. ‘हो न,’ ते म्हणाले, ‘अडकलो असतो.’ हे आठवलं आणि माझ्या हातातला पेचकस थांबला. कारण तो खटका खाली केलेला सापडला त्याच्या थोडं आधी, मूलच्या अलीकडे, बाबांनी चालत्या गाडीचं दार उघडलं होतं. एक पाय बाहेरही काढला होता. मी करकचून ब्रेक मारला, मागचा ट्रक शिव्या देत बाजूने गेला. ‘आलं न घर,’ बाबा म्हणाले. समोर नुसतं जंगल होतं. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी घाईने सावरून घेतलं. ‘डोळा लागला होता.’ आम्ही सगळे हसलो. आमच्या घरात अडचणीच्या गोष्टीवर आधी हसायची पद्धत आहे. त्यानंतर एकदा दुपारी ते निवृत्तीनंतर पेटीत ठेवलेला खाकी शर्ट घालून कंपनीच्या बससाठी फाटकात उभे होते, तेव्हाही आम्ही हसलो.

हँडलच्या वाटीतला स्क्रू काढला, मुठीखालचा काढला, आणि कडेने बोटं घालून दाराचं आतलं पॅड ओढलं. क्लिपा एकेक करून सुटायच्या. पण खालच्या दोन क्लिपा नव्हत्याच, आणि बाकीच्या मागे पुढे झालेल्या. पॅड आधी कुणीतरी काढलं होतं. आतला प्लास्टिकचा कागद खालून व्यवस्थित सोडवून परत काळजीने चिकटवलेला. मी तो सोलला, टॉर्च तोंडात धरली आणि दाराच्या पोकळीत मान घातली. आत राख होती. ऊर्जानगरात कुठलीही वस्तू उघडा, आत चिमणीची राख असतेच. हँडलपासून लॅचपर्यंत एक बारीक सळई जायला हवी. ती लॅचमधून काढून बाजूला केली होती आणि दाराच्या एका पत्र्याला तांब्याच्या तारेने बांधून टाकली होती. तुटली नव्हती, झिजली नव्हती. बांधली होती. मी पक्कड घातली आणि तारेचा पीळ सोडायला गेले, तर तो आवळला. पुन्हा फिरवला, आणखी आवळला. जगातला प्रत्येक माणूस तार पिळतो त्याच्या उलट्या बाजूने ती पिळलेली होती. पक्कड माझ्या हातातून राखेत पडली. बाबा डावरे होते.

आणि तारेवर चिंधी होती. लाल, बारीक पिवळ्या ठिपक्यांची, दोन गाठींची. तिचं एक टोक उसवून, खालच्या ग्रीसने ओलं होऊन, लॅचच्या जिभेखाली ओढलं गेलं होतं. तेवढ्यामुळे दार लागत नव्हतं. बिघाड सापडला होता, चिमट्याने दोन धागे ओढले असते तरी काम झालं असतं. मी मात्र ती चिंधी बघत बसले, कारण तशी चिंधी काय असते ते मला ठाऊक होतं.

बाबा कोळसा दळणाऱ्या मिलच्या दुरुस्तीच्या गँगमध्ये फिटर होते. मिलच्या पोटात माणसं उतरायची, आणि वरून कुणी चुकून काही सुरू केलं तर त्या माणसांचं काय व्हायचं ते सांगायला नको. म्हणून आधी बंद करायचं, साहेबाच्या सहीचा ‘चालू करू नका’ असा टॅग लावायचा. पण टॅग साहेबाचा, चिंधी आपली, असं त्या गँगचं होतं. प्रत्येक जण घरच्या जुन्या कपड्याची चिंधी खिशात बाळगायचा आणि बंद केलेल्या वस्तूवर स्वतःच्या हाताने बांधायचा. बांधली की तो स्वतः खटका ओढून बघणार, की खरंच हलत नाही ना. आणि मग खाली थांबलेल्यांना ऐकू जाईल असं ओरडणार, ‘पक्कं हाय!’ ते ऐकल्याशिवाय कुणी आत पाय टाकायचं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा बाबांची शेवटची वर्षं चालू होती. एकदा कामासाठी मिलच्या मजल्यावर गेले, धुळीत काही दिसत नव्हतं, आणि वरून कुठून तरी माझ्या बापाचा आवाज आला, ‘पक्कं हाय!’ घरात कधी इतका मोठा आवाज न काढणारा माणूस. मला तेव्हा उगाचच खूप सुरक्षित वाटलं होतं.

ज्याने चिंधी बांधली त्यानेच सोडायची, हा नियम. त्यातून एकदा पेच पडला होता. चैतू म्हणून गडचिरोलीकडचा एक जण गँगमध्ये होता. तो चिंधी बांधून सुट्टीवर गावी गेला आणि तिकडेच तापाने वारला. इकडे काम संपलं, साहेब मिल सुरू करा म्हणून मागे लागला, टॅग सहीने निघाला, पण चिंधीला कुणी हात लावेना. साहेब चिडला, फडक्यासाठी अडून बसता का म्हणाला. तेव्हा चैतूच्या गावचा लच्छू पुढे झाला. तो म्हणाला, आमच्याकडे जंगलात कुणाला मधाचं पोळं दिसलं की तो झाडाला गवताची गाठ मारून ठेवतो, मग ते त्याचं. तो माणूस मेला तरी गाठ तशी सोडत नाहीत. आधी त्याला नावाने हाक मारतात. लच्छूने मिलचं दार उघडलं, आत तोंड घातलं आणि ‘चैतू’ म्हणून हाक मारली. सगळे टोप्या काढून उभे. उत्तर येईल इतका वेळ थांबले. मग लच्छू म्हणाला, ‘नाई आत,’ आणि त्याने गाठ सोडली. बाबा ही गोष्ट जेवताना सांगायचे. सुरुवात साहेबाची नक्कल करून करायचे, पण हाकेपाशी आले की घास ताटात ठेवायचे.

“चहा घेतं का नाई?” आई कप घेऊन मागे उभी होती. या गाडीच्या इतक्या जवळ ती कित्येक महिन्यांत आली नव्हती.  मी टॉर्च आत धरली आणि बाजूला सरकले. आईने वाकून पाहिलं. कप हळूच जमिनीवर ठेवला.

“हे त माह्या लुगड्याचं हाय.”

“कोन्त्या?”

“लाल नाई का, चवदा एप्रिलले घेतलं होतं. त्याचा पदर फाटून राह्यला होता कोन्या तरी कोपऱ्यातून. मी म्हनलं उंदीर झाले पेटीत.” ती चिंधीकडेच बघत होती. “हे इथी कोनं बांधलं?”

मी सांगितलं. तार दाखवली, पीळ दाखवला. खटका तेच खाली करायचे आणि मी वर करून ठेवत होते, म्हणून त्यांनी दार आतूनच बांधलं, हे सांगितलं. आम्ही दोघी दुपारी झोपलेल्या असताना त्यांनी हे केलं असणार, डाव्या हाताने, एकट्याने, थांबून थांबून, आणि पॅड परत बसवून पायरीवर येऊन बसले असणार. आई सगळं ऐकून पायरीवर टेकली.

“म्हंजे त्याईले समजत होतं?”

“काय?”

“का आपलं डोस्कं ठिकान्यावर नाई राह्यत म्हनून.”

“समजत होतं, आई.”

“आन मी समजत होती का त्याईले नाई समजत.” तिने पदर तोंडाला लावला, मग काढला. “म्हनून मी बी नाई बोलली. रात्री उठून बसत. मले पुसत, सत्यशीला, आपन कोन्त्या गावात हावो? मी सांगो. सकाडी मी बी चूप, ते बी चूप. मले वाटे, इसरले असन. इसरले नोहोते वं ते.”

कडुनिंबाची पानं गाडीच्या टपावर पडत होती. मला वाटलं आता ती उठून आत जाईल, नेहमीसारखी. ती गेली नाही.

“तुले एक सांगतो,” ती म्हणाली. “त्या दिवशी जंगलात त्याईनं हे हँडल ओढलं. मले वाटलं उतरून राह्यले. इकडे वाघाचा रस्ता, इकडे त्याईचा दम. माह्या जिवाचं पानी झालं. मी हात झटकला त्याईचा. म्हनलं, बसा न चूपचाप, काऊन जीव घेता! तेच आखरीचं बोलनं झालं माह्यं त्याईच्यासंग. काऊन जीव घेता. मरत होते ते, आन मी त्याईलेच म्हनलं.”

म्हणजे तिच्याही मागे तीच खटखट होती. एका घरात, एका भिंतीच्या अलीकडे पलीकडे, आम्ही दोघी ती वेगवेगळी ऐकत होतो. मी पायरीवर तिच्याजवळ जाऊन तिचा हात धरला. तो तांदळाच्या पिठाने पांढरा होता.

“मंग? मंग काय म्हने बाबा?”

“काई नाई. माह्याकडे पाह्यलं. चांगलं पाह्यलं, ओळखीनं. म्हने, पक्कं हाय.” तिने मान हलवली. “मले नाई समजलं. मले वाटलं, जानंच पक्कं हाय म्हनून राह्यले. म्हनून कोनाले सांगतलं नाई.”

 मी तिला सांगितलं. मिलच्या मजल्यावरची धूळ सांगितली, वरून आलेला आवाज सांगितला. बंद करायचं, बांधायचं, ओढून बघायचं, आणि खालच्यांना सांगायचं. बाबा दार उघडत नव्हते, आई. दार लागलेलं आहे ना ते बघत होते. प्रत्येक वेळी बघायचे. आपल्याला भान राहिलं नाही तरी आपण बाहेर पडणार नाही, तुझ्या डोळ्यांदेखत रस्त्यावर पडणार नाही, एवढं ते पक्कं करून बसले होते. आणि ते त्यांनी तुला सांगितलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, लहान मुलाला लांबचा पत्ता सांगावा तशी तिला एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागत होती, आणि मीही पुन्हा पुन्हा सांगत होते. मला स्वतःला हे सगळंच खरं वाटतं का? त्या दिवशी त्यांना खरोखरच हवा हवी असेल, उतरावंसं वाटलं असेल, हँडल ओढल्यावर आपणच बांधलेली तार आठवली असेल आणि मग ते तसं म्हणाले असतील. तेही असू शकतं. हे मी आईला सांगितलं नाही आणि सांगणार नाही. माझ्यापुरतं ते त्या पोकळीत राहील, राखेसोबत.

 चहा गार झाला. मग आईने नाक पुसलं.

“सोड मंग आता. दार लागलं पाह्यजे न. लग्नाले कशी जाशीन?”

“आपन दोघी जाऊ.”

“हो. दोघी,” ती म्हणाली.

मी राखेतली पक्कड उचलली, आत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. आईने विचारलं काय झालं. मी म्हटलं, बाबाची चिंधी हाय, मी कशी सोडू. तिला चैतूची गोष्ट माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकून पाठ होती, ‘पक्कं हाय’ तेवढं त्या गोष्टीत कधी आलं नव्हतं. तिला वेगळं काही सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, “मंग मार हाक.” मी तोंड उघडलं. ‘बाबा’ ही हाक होते, पण ते नाव नव्हे. बाबा तर सगळ्यांचेच असतात. आणि त्यांचं नाव घेऊन हाक मारायला माझी जीभ उचलेना.

आई उठली. दाराजवळ आली, गुडघ्यावर हात टेकत खाली बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराच्या उघड्या पोकळीपाशी तोंड नेलं. तिच्या तोंडून ते नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की ती मला पुढे करायची, सांग वं तुह्या बाबाचं नाव. दवाखान्यात त्या दिवशीही कागदावर लिहायला नाव विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडेच पाहिलं होतं.

“सोमाजी!” आईने हाक मारली.

चांगली खणखणीत हाक मारली. रुखमाबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि काही न विचारता उभीच राहिली. पत्र्याच्या पोकळीतून आईचाच आवाज जरा जाड होऊन परत आला. लांब कुठेतरी कोळशाचा पट्टा चालू होता. आई कान देऊन बसली. मीही थांबले, गेटपाशी थांबले होते तशीच, एक पाय, चौकटीवरचा हात, आणि तो ‘हं’ यायला जितका वेळ लागतो तितका वेळ.

“नाईत आत,” आई म्हणाली. मग तिने हात आत घातला, आणि मी काही सांगायच्या आधीच तिची बोटं उलट्या बाजूने पीळ सोडू लागली.